आठ खुर्च्यांचा हिशेब

टोकियोत किंवा क्योटोत स्टेशनबाहेरचा झगमगता रस्ता सोडून मागच्या बोळात शिरलं, की दारावर आखूड कापडी पडदा टांगलेली चिमुकली दुकानं दिसतात. या पडद्याला नोरेन म्हणतात. तो बाहेर असेल तर दुकान उघडं, आत घेतलेला असेल तर बंद. सरकतं दार बाजूला केलं की समोर लाकडी काउंटर, त्याला लागून सात-आठ खुर्च्या, काउंटरवर मोठ्या वाडग्यांत ओळीने मांडलेल्या शिजवलेल्या भाज्या आणि मासे, आणि पलीकडे एकटी बाई. वय बहुधा पन्नाशीच्या पुढचं, अंगावर लांब बाह्यांचा पांढरा एप्रन. ही ओकामी. दुकानाची मालकीण, स्वयंपाकीण, वाढपीण आणि रात्री उशिरा भांडी घासणारीही तीच. अशा दुकानाला कोर्योरीया म्हणतात. पर्यटकांना ठाऊक असलेल्या मोठ्या, गोंगाटाच्या इझाकाया नावाच्या मद्यालयापेक्षा हे लहान, शांत आणि घरगुती.

या दुकानांबद्दल लिहिताना भल्याभल्यांचा गळा दाटून येतो. आबे यारो यांची ‘शिन्या शोकुदो’ ही चित्रकथा 2006 मध्ये सुरू झाली, 2009 मध्ये तिच्यावर मालिका निघाली आणि पुढे नेटफ्लिक्समुळे ती आपल्याकडच्याही घराघरात पोचली. त्यातलं दुकान मध्यरात्री बाराला उघडतं, सकाळी सातला बंद होतं. पाटीवर जेवणाचा एकच प्रकार, पण सामान असेल तर मालक तुम्ही मागाल ते रांधून देतो. कथा म्हणून सुरेख. प्रत्यक्षात असा मालक महिनाभरात आडवा होईल. खऱ्या कोर्योरीयात आपल्याला जे जे मायेचं वाटतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या मागे एखादं रोकडं कारण असतं: दोनच हात, अपुरी जागा, कायद्याचं कलम किंवा महिन्याचं भाडं. मला स्वतःला ही कारणंच जास्त रंजक वाटतात.

दारू आणि घरच्यासारखं शिजवलेलं अन्न यांची गाठ पडली ती एदो काळात. एदो हे टोकियोचं जुनं नाव. 1721 च्या शिरगणतीत समुराई वगळता शहरातली वस्ती पाच लाखांवर भरली आणि त्यातले सव्वातीन लाख पुरुष होते. गावाकडून कामाला आलेले, एका खोलीत राहणारे, चूल न पेटवणारे. गिरणगावात खाणावळी का उभ्या राहिल्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. दारू विकणारी दुकानं होतीच, तिथे उभ्या उभ्या पेला रिचवता येई. उकडलेलं-शिजवलेलं विकणारे वेगळे असत. दोघांचा धंदा एका छपराखाली आला आणि 1811 च्या नोंदीत एदोमध्ये अशी 1,808 दुकानं मोजली गेली. एदोच्या कान्दा भागातलं तोशिमाया हे 1596 मध्ये सुरू झालेलं दुकान मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून भाजलेल्या तोफूसाठी गाजलं. असं सांगतात, की तिथे दारू जवळपास खरेदीच्या भावात मिळे आणि मालक नफा कमवी तो रिकामी पिंपं विकून. म्हणजे हिशेबाची ही परंपरा दारूइतकीच जुनी आहे.

आजच्या अरुंद बोळांचं रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचं. बेचिराख टोकियोत स्टेशनांभोवती काळाबाजार भरत असे आणि ठेल्यांवर मिळेल ती दारू मिळे. 1949 मध्ये दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने रस्त्यावरचे ठेले उठवण्याचा हुकूम काढला. हटवलेल्या लोकांना आडबाजूला जमिनीचे तुकडे मिळाले आणि त्यावर लाकडी दुकानं उभी राहिली. शिंजुकूचं गोल्डन गाय आणि शिबुयाचं नोम्बेई योकोचो ही दोन्ही ठिकाणं याच हकालपट्टीतून आलेली. गोल्डन गायमध्ये आजही दोनशेहून जास्त मद्यालयं दाटीवाटीने उभी आहेत आणि त्यातली कित्येक तीन-चार त्सुबोंची आहेत. एक त्सुबो म्हणजे 3.3 चौरस मीटर. खुर्च्या आठच का, याचं पहिलं उत्तर असं, की नववीला जागा नाही. दुसरं उत्तर असं, की एकट्या माणसाला याहून जास्त जणांची पानं वेळेवर वाढता येत नाहीत.

दुकान संध्याकाळी पाच-सहाला उघडतं. ओकामीचा दिवस दुपारी बाराच्या आतच सुरू झालेला असतो. पहिलं काम दाशीचं. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोम्बु नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात भिजत घालायचं, मंद आचेवर साठेक अंशांपर्यंत तापवायचं, उकळी फुटण्याआधी बाहेर काढायचं. मग कात्सुओबुशीचे पातळ काप टाकायचे. हा कुप्प्याच्या जातीचा मासा, उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईतो वाळवलेला. मिनिट-दोन मिनिटांत पाणी गाळून घ्यायचं. कोम्बुमधलं ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 मध्ये वेगळं काढलं, कात्सुओबुशीमधलं इनोसिनेट कोदामा शिंतारो यांनी 1913 मध्ये. दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते, म्हणून एवढ्या थोड्या सामानात काम भागतं. गाळून उरलेला कोम्बु आणि काप फेकले जात नाहीत. बारीक चिरून, सोया सॉस आणि मिरीन (गोडसर तांदूळमद्य) घालून आटवले, की त्याचंच तोंडीलावणं होतं. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर जी पहिली वाटी येते, तिच्यात अनेकदा हेच असतं.

मग काउंटरवरच्या वाडग्यांची तयारी. निकुजागा म्हणजे बटाटा, कांदा आणि मांसाचे पातळ काप घालून केलेला गोडसर रस्सा. किन्पिरा गोबो म्हणजे गोबो नावाचं लांबट मूळ आणि गाजर यांच्या काड्या तेलावर परतून, वर तीळ आणि चिमूटभर लाल मिरची. हिजिकी हे काळं शेवाळ, तळलेल्या तोफूबरोबर शिजवलेलं. वाळवलेल्या मुळ्याच्या किसाची भाजी, तीळकुटात कालवलेला पालक, मिसोत शिजवलेला बांगडा. ओकारा, म्हणजे सोयाबीनचं दूध काढल्यावर राहणारा चोथा. तोफूवाल्याकडे तो कवडीमोलाने मिळतो आणि गाजर, कांद्याची पात घालून परतला की वाटीभर खपतो. क्योटोत अशा रोजच्या घरगुती पदार्थांना ओबानझाई म्हणतात. 1964 मध्ये ओमुरा शिगे आणि त्यांच्या दोन सहकारी लेखिकांनी ‘आसाही’ वृत्तपत्राच्या क्योटो आवृत्तीत या पदार्थांवर सदर चालवलं, आणि जे घराघरात नुसतं खाल्लं जात होतं ते पाहुण्यांना पैसे घेऊन वाढण्याजोगं झालं.

आता ही यादी धंद्याच्या नजरेने पाहा. बहुतेक पदार्थ दुपारीच शिजवून ठेवता येतात. ते गार किंवा कोमट खाल्ले जातात, म्हणजे ऐन गर्दीत शेगडी अडत नाही. निवताना चव आत मुरते, म्हणून संध्याकाळी ते दुपारपेक्षा बरे लागतात. सामान स्वस्त आणि हंगामी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाडगे डोळ्यांसमोर मांडलेले असल्यामुळे मेन्यूकार्ड, वेटर आणि ऑर्डर घेण्यातला वेळ, तिन्ही वाचतात. गिऱ्हाईक बोट दाखवतं, ओकामी वाटी भरते. ताजं करण्याचे पदार्थ मोजके: दाशी घालून थर थर गुंडाळलेलं अंड्याचं आम्लेट, मीठ लावून भाजलेला मासा, फार तर तळलेलं काही. मोठ्या रेस्तराँमध्ये आचारी कौशल्य दाखवतो ते शेगडीवर. इथलं कौशल्य दुपारी एकटीने, कुणी बघत नसताना खर्च होऊन जातं.

यात एक धोका दडलेला आहे. मोठ्या पातेल्यात मांस किंवा भाजी शिजवून ते तसंच ओट्यावर निवत ठेवलं, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. रस्सा 45 अंशांच्या आसपास रेंगाळला की ते झपाट्याने वाढतात, आणि पातेल्याच्या तळाशी हवा नसते, ते तर त्यांच्या सोयीचंच. म्हणून आरोग्य केंद्र बजावून सांगतं: पदार्थ पसरट भांड्यांत वाटून लवकर थंड करा, नंतर ढवळत नीट गरम करा. जून 2021 पासून जपानमध्ये अन्नाच्या प्रत्येक धंद्याला, अगदी एकट्या बाईच्या दुकानालाही, स्वच्छतेची लेखी योजना आणि रोजची नोंद सक्तीची झाली आहे. फ्रिजचं तापमान किती, हात धुतले का, शिजवलेलं कधी थंड केलं. ‘आईच्या हातची चव’ इथे वहीत टिपून ठेवावी लागते.

लोणच्याची गोष्ट याहून हट्टी. भाताच्या कोंड्यात मीठ-पाणी कालवून केलेल्या लगद्यात काकडी, मुळा, वांगं पुरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात. हा लगदा रोज तळापासून हाताने ढवळावा लागतो, नाहीतर बिघडतो. दुकानाला सुटी असली तरी लगद्याला सुटी नाही. काही ओकामी तो डबा सुटीच्या दिवशी घरी घेऊन जातात.

पाचच्या सुमारास नोरेन बाहेर जातो. पहिलं गिऱ्हाईक बसलं की हातात ओला, गुंडाळलेला रुमाल येतो आणि पाठोपाठ न मागता एक छोटी वाटी. ही ओतोशी. बिलात तिचे तीनशे ते पाचशे येन लागतात. परदेशी पाहुण्यांचं भांडण हटकून इथेच होतं: आम्ही मागवलंच नव्हतं! पण ओतोशी दोन कामं करते. एक, ती बसण्याचं भाडं आहे. आठच खुर्च्या असलेल्या दुकानात एका बिअरवर तीन तास काढणारा माणूस परवडत नाही. दुसरं, तिच्यामुळे ओकामीला पाच मिनिटं मिळतात. गिऱ्हाईक वाटीत गुंतलेलं असताना ती बिअर ओतते, मासा जाळीवर टाकते, दारात आलेल्या पुढच्या माणसाकडे पाहते. आपल्याकडे चकणा फुकट येतो आणि त्याची किंमत पेगमध्ये धरलेली असते. जपानी पद्धत निदान बिलावर लिहून तरी दाखवते.

पहिली मागणी बहुतेक वेळा बिअरची. पिंपातली बिअर रुबाबदार दिसते, पण तिची नळी रोज रात्री पाण्याने धुवावी लागते. कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी वास येतो. शिवाय उघडलेलं पिंप खपलं नाही तर तोटा. म्हणून फार लहान दुकानं बाटलीवर भागवतात. मोठी बाटली 633 मिलीची, मधली 500 ची. दारूवाला खोकी पोचवतो आणि रिकाम्या बाटल्या परत नेतो. एका बाटलीमागे पाच येन आणि खोक्यामागे दोनशे येन अनामत असते.

साके म्हणजे तांदळाची दारू. तिचं तंत्र वेगळं. एक गो म्हणजे 180 मिली हे माप, आणि चव ठरते तापमानावर. 40 अंशांना नुरुकान, 45 ला जोकान, 50 ला आत्सुकान. अशी पाच-पाच अंशांवर नावं आहेत. धातूच्या उभट भांड्यात साके ओतून ते गरम पाण्यात धरायचं. अनुभवी ओकामी थर्मामीटर वापरत नाही, भांड्याच्या बुडाला बोट लावून सांगते. हिवाळ्यात रोज येणाऱ्या म्हाताऱ्याला किती गरम लागते हे तिच्या लक्षात असतं. ही आठवण तिच्या धंद्याचं भांडवल आहे, कारण दोन गल्ल्या पलीकडच्या साखळी इझाकायात तीच साके निम्म्या भावात मिळते.

मागच्या फळीवर बाटल्यांची रांग असते, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या. गिऱ्हाईक शोचू या कडक दारूची अख्खी बाटली विकत घेतं, नाव लिहून दुकानातच ठेवतं आणि पुढच्या वेळी येऊन त्यातूनच पितं. बर्फ-पाण्याचे थोडे पैसे वेगळे. याला तिथेही बॉटल-कीपच म्हणतात. दिसायला हा जिव्हाळ्याचा मामला, तुझी बाटली माझ्याकडे. हिशेबाने पाहिलं तर गिऱ्हाइकाने तीन-चार हजार येन आगाऊ दिलेत आणि परत यायचं कारणही मागे ठेवलंय. बँकेकडून सहज कर्ज न मिळणाऱ्या छोट्या धंद्याला याहून चांगलं खेळतं भांडवल कुठलं? अडचण एवढीच, की फळी लहान असते आणि काही नावं परत येत नाहीत. तीन किंवा सहा महिन्यांनी बाटली उतरवायची असा नियम असतो, पण ओळखीच्या माणसाची, विशेषतः तो गेल्याची बातमी आल्यावर, ती लगेच उतरवली जात नाही.

कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे आजही पिणाऱ्याने स्वतःचा परवाना बाळगावा अशी अपेक्षा आहे; ‘परमिट रूम’ ही पाटी त्यातूनच आली. जपानमध्ये पिणाऱ्याचं वय वीस पूर्ण असलं की झालं. गंमत म्हणजे पेल्यातून दारू देण्यासाठी दुकानालाही वेगळा मद्यपरवाना लागत नाही. बंद बाटली विकायची तर कर कार्यालयाचा परवाना हवा. झाकण उघडून ओतली की ती जेवणाचाच भाग मानली जाते. मुख्य परवाना असतो आरोग्य केंद्राचा, आणि त्यासाठी दुकानातल्या एका माणसाने अन्नस्वच्छतेचा एक दिवसाचा वर्ग पूर्ण केलेला असावा लागतो. तपासनीस येऊन बेसिन, नळ, कपाटांची दारं पाहतो. काउंटरच्या टोकाला जे छोटं झुलतं दार असतं, छायाचित्रांत फार गोड दिसणारं, ते सौंदर्यासाठी बसवलेलं नसतं. स्वयंपाकाची जागा आणि बसायची जागा वेगळी हवी हा नियम आहे, आणि तो पाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ते दार.

ओकामी काउंटरपलीकडे उभी असते, यालाही कायदा कारण आहे. गिऱ्हाइकाशेजारी बसून पेले भरत राहणं, त्याच्याबरोबर गाणं म्हणणं, म्हणजे करमणूक करून सरबराई करणं, हे वेगळ्या कायद्याखाली येतं. त्याला पोलिसांमार्फत परवाना घ्यावा लागतो आणि वेळेची बंधनंही येतात. पेला भरून देऊन बाजूला होणं आणि दोन शब्द बोलणं चालतं. एकापाशीच ठाण मांडलं की पंचाईत. त्यामुळे तो दीड हात रुंदीचा लाकडी फळा एकट्या बाईचं संरक्षणही करतो. दारू चढलेल्या माणसाने हात पुढे केला तरी मध्ये काउंटर आहे आणि काउंटरमागे कायदा आहे. मध्यरात्रीनंतर मुख्यतः दारू देणारं दुकान चालू ठेवायचं तर पोलिसांकडे आधी वर्दी द्यावी लागते. दिव्यांचा उजेड किती आणि आडोसे किती उंच तेही ठरलेलं आहे. बहुतेक कोर्योरीया त्या भानगडीत पडत नाहीत. शेवटची लोकल बाराच्या आगेमागे सुटते, गिऱ्हाईक तिच्यासाठी उठतं, आणि दुकान आपोआप कायद्याच्या आत बंद होतं.

आता पैशांचं बोलू. पुढचे आकडे कुठल्या खऱ्या दुकानाचे नाहीत, कल्पनेतल्या दुकानाचे आहेत, पण प्रमाणं धंद्यात सर्रास धरली जातात ती. आठ खुर्च्या, रात्री आठ-नऊ जण, प्रत्येकी साडेतीन हजार येन. गल्ला तीस हजारांचा. महिन्याला पंचवीस रात्री म्हणजे साडेसात लाख, वर्षाला नव्वद लाख येन. खाण्यापिण्याच्या सामानाला तीस टक्के, म्हणजे सव्वादोन लाख. भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांत बसावं असं म्हणतात, पण स्टेशनजवळ ते एवढ्यावर थांबत नाही. सव्वा लाख धरू. गॅस, वीज, पाणी, रुमालवाल्याचं बिल, कचऱ्याच्या सशुल्क चिकटपट्ट्या (टोकियोत धंद्याचा कचरा फुकट उचलत नाहीत), विमा, फुटलेले पेले. हातात उरतात तीन लाखांच्या आसपास, आणि त्यातून सुरुवातीच्या कर्जाचा हप्ता जायचा असतो. एक नोकर ठेवला की हे सगळं कोसळतं. म्हणून ती एकटी असते. तिच्या एकटेपणावर कविता करणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा पाहावा.

याच गणितामुळे करोनाकाळात एक विचित्र प्रसंग उद्भवला. जानेवारी 2021 मध्ये टोकियो प्रशासनाने दुकानं रात्री आठला बंद करायला सांगितली आणि ऐकणाऱ्या प्रत्येक दुकानाला, आकार न पाहता, दिवसाला साठ हजार येन द्यायचं ठरवलं. शंभर खुर्च्यांच्या इझाकायाला त्यात भाडंही सुटत नव्हतं. आठ खुर्च्यांच्या दुकानाला मात्र बंद राहून चालू असण्यापेक्षा जास्त मिळालं. शेजारीपाजारी कुजबुज झाली, काहींनी मोरी दुरुस्त करून घेतली, काहींनी कर्ज फेडलं. पुढचे दोन हिवाळे मात्र कठीण गेले, कारण रात्री उशिरा बसण्याची सवयच लोकांची मोडली होती.

ऑक्टोबर 2023 पासून आणखी एक कटकट आली. वर्षाला एक कोटी येनांपेक्षा कमी विक्री असलेल्या धंद्याला उपभोग कर भरण्यातून सूट असते. आपलं कल्पनेतलं दुकान नव्वद लाखांचं, म्हणजे या सुटीत बसणारं. पण नव्या पावती पद्धतीत नोंदणी क्रमांक असलेली पावतीच कंपन्यांना करवजावटीसाठी पूर्ण चालते, आणि क्रमांक घ्यायचा तर सूट सोडावी लागते. कंपनीच्या खर्चाने साहेबाला घेऊन येणारं गिऱ्हाईक पावती मागतं तेव्हा ओकामीला निवड करावी लागते: कर भरायचा, की असं गिऱ्हाईक गमावायचं.

पंचाहत्तरीतल्या बायका ही दुकानं अजून का चालवतात, असं कौतुकाने विचारलं जातं. उत्तरात ‘गिऱ्हाईक हेच माझं कुटुंब’ वगैरे येतं आणि ते खोटंही नसतं. पण स्वतःचा धंदा करणाऱ्यांना जपानमध्ये फक्त मूळ राष्ट्रीय निवृत्तिवेतन मिळतं. चाळीस वर्षं पूर्ण हप्ते भरलेल्यालाही 2024 मध्ये ते महिन्याला 68,000 येन होतं. टोकियोत तेवढ्यात खोलीचं भाडं जेमतेम निघतं. ओकामी तापाने फणफणली तर दारावर ‘आज बंद’ अशी चिठ्ठी लागते आणि त्या दिवशीचा गल्ला शून्य. मुलं बहुधा दुसऱ्या शहरात नोकरीला असतात. मग एक दिवस दुकान भांडी, फ्रिज, काउंटर, खुर्च्यांसकट दुसऱ्याला दिलं जातं. याला इनुकी म्हणतात. नव्या माणसाची लाखो येनांची बचत होते, जुन्या मालकिणीला मोडतोडीचा खर्च पडत नाही. हल्ली असं घेणाऱ्यांत नोकरीला कंटाळलेल्या तिशी-चाळिशीतल्या बायका आणि पुरुषही दिसतात. ते वाडग्यांतले पदार्थ इन्स्टाग्रामवर टाकतात, पण दुपारी दाशी त्यांनाही काढावीच लागते.

टोकियोच्या निशी-कासाईत आणि आसपास आता मराठी आयटीवाल्यांची चांगलीच वस्ती आहे, आणि पर्यटक म्हणून जाणारेही वाढलेत. तेव्हा जाणाऱ्यांसाठी थोडं. नोरेन बाहेर असेल तर दार सरकवून बोटाने किती जण ते दाखवा. तिघांपेक्षा जास्त असाल तर दुसरं ठिकाण पाहा. ओतोशीवरून वाद घालू नका. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण भाजी दिसते तिच्यातही माशाची दाशी असते आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम. कित्येकदा लोणचं, साधा भात आणि गार तोफू यापलीकडे फारसं काही उरणार नाही, आणि तोफूवरचे माशाचे कापही नको म्हणावे लागतील. रोख पैसे जवळ ठेवा. फोटो विचारून काढा, शेजारच्या गिऱ्हाइकाचा काढूच नका. बाहेर कुणी वाट पाहत असेल तर तासा-दीड तासात उठा. आणि गाडी घेऊन जाऊ नका: 2007 पासून चालकाला दारू देणाऱ्यालाही तिथे शिक्षा होते, त्यामुळे किल्ली दिसली तर ओकामी तुम्हाला उलाँग चहाच देईल.